स्टेअरिंग सोडून पेरताना

ट्रॅक्टरचं स्टेअरिंग आपोआप फिरताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आपले हात कुठे ठेवावेत हेच मला कळेना. तीसेक वर्षं ट्रॅक्टरखाली झोपून आणि ट्रॅक्टरवर बसून काढलेली. घरी जेवायला बसलो तरी माझा डावा हात जरासा वर उचललेला असतो, असं बायको म्हणते. आणि इथे वावराच्या मधोमध ते काळं चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आपलं आपण हलत होतं. शेवटी मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, कीर्तनाला बसतात तसे, आणि समोर बघत राहिलो. समोर काळी जमीन, तिच्या टोकाला एक पळस, आणि आम्ही त्या पळसाकडे संथपणे चाललेलो. इंजिन धडधडत होतं, तरी मला सगळीकडे शांत वाटत होतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोचल्यावर कंपनीचा माणूस ओरडला, "अहो, वळवा की!" तेव्हा कुठे मी जागा झालो.

दिग्रसच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी मेकॅनिक म्हणून लागलो आणि हेडमेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. मधलं सगळं सांगत बसलो तर या अंकाला पुरवणी काढावी लागेल. आमचं शोरूम जिनिंगच्या शेजारी. हंगामात कापसाचे तंतू हवेत तरंगत यायचे आणि ग्रीस लावलेल्या पार्टांना चिकटून बसायचे. त्या पांढऱ्या धुक्यात मी क्लचप्लेटा बदलल्या, गिअरबॉक्स उघडले, आणि बहुतेक सगळे पुन्हा नीट बंदही केले. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मात्र शेठनी माझ्याकडे नवीनच काम दिलं. ट्रॅक्टरला आपोआप चालायला लावणारी यंत्रणा बसवायची आणि शेतकऱ्याला वावरात नेऊन दाखवायची. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे तिला 'डब्बा' म्हणतात.

हा डबा म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकाला सांगतो. ट्रॅक्टरच्या टपावर पालथ्या वाटीसारखी एक पांढरी वस्तू बसते. ती आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि आपण कुठे आहोत ते ठरवते. पण नुसत्या आकाशावर विसंबलं तर दोन-चार पावलांची चूक होते, आणि पेरणीत दोन पावलं म्हणजे सत्यानाश. म्हणून तशीच दुसरी वाटी तीन पायांच्या स्टँडवर धुऱ्यावर उभी करायची. हे स्टँड जागचं हलत नाही, म्हणून त्याला आकाशाची चूक किती ते कळतं, आणि ते ट्रॅक्टरला वायरलेसवरून तेवढं कळवत राहतं. मग ट्रॅक्टर दोन बोटांच्या अंतरात अचूक चालतो. वावराच्या एका टोकाला स्क्रीनवर बटण दाबायचं, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा दाबायचं, की त्या दोन ठिकाणांमधून एक रेघ आखली जाते आणि तिच्या शेजारी तशाच रेघा साऱ्या वावरभर. स्टेअरिंगला मोटर असते, ती ट्रॅक्टर रेघेवर ठेवते. क्लच, ब्रेक, धुऱ्यावरचं वळण हे सगळं चालवणाऱ्याचं.

आणि हा डबा काय करत नाही, तेही सांगतो. तो बघत नाही. समोर माणूस आला, शेळी आली, विहीर आली, तरी त्याला काही कळत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. पण सांगायचो ते 'वेळेवर ऑइल बदलत जा' म्हणतात त्या सुरात. त्याबद्दल पुढे येईलच.

किंमत ऐकली की माणूस आधी डब्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग हळूच आपल्या ट्रॅक्टरकडे. आणि एकच प्रश्न विचारायचा, "मिस्तरी, परवडते का?" नेरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याला तो परवडण्यासारखा होता. लांबच लांब, सपाट वावरं. पण हा गृहस्थ स्टेअरिंग सोडेना. हाताचा जोर लागला की मोटर सुटते, तशी ती दर दहा पावलांवर सुटत होती.

"हे तं बंद पडून राह्यलं," तो म्हणाला.

"भाऊ, तुम्ही हात काढा."

"हात कसा काढू? बापानं सांगतलं, जीव गेला तरी कासरा सोडाचा नाई."

शेवटी मी त्याच्या हातात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी दिली. घोटायला दोन्ही हात लागतात. तो घोटत राहिला, ट्रॅक्टर चालत राहिला, आणि एक फेरी झाल्यावर मागे वळून रेघ बघताना त्याच्या हातातली पुडी तशीच राहिली. त्यानं डबा घेतला. पुढे भेटला तेव्हा म्हणाला, "पेरणी चांगली झाली, पण खर्रा वाढला."

फुलसावंगीचा एक जण मात्र डबा घ्यायचाच म्हणून हटून बसला. त्याचं वावर पाहायला गेलो. तीन एकराचा तुकडा, मधे विहीर, विहिरीजवळ निंब, एका कोपऱ्यात समाधी, आणि नाल्यानं एक बाजू खाल्लेली. चार पावलं सरळ गेलं की वळायचं. मी त्याला सांगितलं, बाबा, तुला याचा उपयोग नाही, बैलानं पेर. तो रागावून म्हणाला, "तुमी इकाले आलते का अडवाले?" त्याच दिवशी शेठनीही मला जवळजवळ त्याच शब्दांत हे विचारलं.

म्हणजे परवडतं की नाही, याचं माझं उत्तर ठरलेलं असायचं. वावर मोठं आणि मोकळं असेल, किंवा दुसऱ्याची पेरणी करून देत असशील, तर परवडेल. एरवी हौस आहे. या उत्तराबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नव्हती. ती बापूंनी आणली.

बापू म्हणजे वसंतराव. हे नाव खरं नाही. त्यांना विचारूनच लिहितो आहे. ते म्हणाले, "नाव बदल, आन् लिही. आता काय लपवाचं?" दिग्रसहून पुसदच्या रस्त्याला लागलं की थोडं आत त्यांचं गाव. स्वतःचं वावर बऱ्यापैकी, आणि त्याशिवाय निम्म्या गावाची पेरणी त्यांच्या ट्रॅक्टरनं व्हायची. पाऊस होऊन गेल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी होते, त्याला वाफसा म्हणतात. तो मोजके दिवस टिकतो. त्या दिवसांत बापूंच्या दारात लोक लग्नाच्या आचाऱ्याकडे यावेत तसे यायचे.

कारण बापूंची तासं. आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. ती सरळ असणं नुसतं देखणेपण नाही. पुढे दोन तासांमधून तण काढायला बैलांचा डवरा चालतो. तास वाकडं असलं तर डवऱ्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, तणाबरोबर पीकही कापते. त्यामुळे पेरणाऱ्याचा हात महिनाभरात उगवून वर येतो आणि रस्त्यानं जाणारा येणारा तो वाचतो. बापूंचं वावर एसटीतून दिसायचं. मी स्वतः कितीदा खिडकीला डोकं टेकून ती तासं एकामागून एक उलगडत जाताना बघत गेलो आहे. पंख्याची पाती फिरावीत तशी ती फिरत, आणि मला हटकून डुलकी लागे.

असा माणूस एक दिवस शोरूममध्ये येऊन म्हणाला, "मिस्तरी, माह्या ट्रॅक्टरले डब्बा लावून दे."

मला वाटलं थट्टा करताहेत. "बापू, तुम्हाला कशाला? तुमची रेघ डब्यापेक्षा सरळ."

ते हसले नाहीत. "तू लावून तं दे. एक दिस चालवून पाह्यतो. जमलं तं घेतो."

बाहेर त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई उभ्या होत्या. गावात सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांनीही मान हलवली. मी मनातल्या मनात खूश झालो. बापूंनी डबा घेतला म्हटल्यावर आसपासची चार गावं आपोआप येणार, आणि फुलसावंगीची गोष्ट शेठ विसरणार.

वाफसा आला त्या सकाळी मी त्यांच्या वावरात गेलो. आदल्या दिवसांच्या पावसानं सगळं धुऊन काढलं होतं आणि लख्ख ऊन पडलं होतं. जमिनीतून वाफ निघत होती आणि तिच्यातून लांबची झाडं हलल्यासारखी दिसत होती. मी धुऱ्यावर मोकळ्या जागी स्टँड उभं केलं, रेघ आखून दिली, आणि मडगार्डवर बसलो. बापू झटकन शिकले. नेरच्या गृहस्थासारखे स्टेअरिंगला चिकटले नाहीत. पहिल्याच फेरीत हात सोडले आणि एक मोठा श्वास टाकला. मला वाटलं, कसलेला माणूस आहे, लगेच जाणलं त्यानं. धुऱ्याजवळ आलो की तेवढं विचारायचे, "आला का?" मी म्हणायचो आला, ते वळवायचे. हे ते का विचारतात, याचा मी विचारच केला नाही. मी मजेत होतो. सोयाबीनचं बी नळ्यांमधून पडताना बारीक सळसळ होते, ती ऐकत होतो.

दुपारी शकुंतलाबाईंनी भाकरी आणली, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मोहाच्या झाडाखाली जेवलो. बापू म्हणाले, "तू पड जरासा. मी काढतो चार फेऱ्या."

मी त्यांच्यासोबत जायला हवं होतं. पहिल्या दिवशी नव्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा माझाच नियम. पण पोट भरलेलं, वर मोहाची पानं, पानांच्या फटीतून निळं आकाश. मी खांद्यावरचा लाल दुपट्टा तोंडावर घेतला. त्या आकाशात कुठेतरी आपल्याला न दिसणारे उपग्रह आहेत आणि ते या क्षणी बापूंच्या वावराकडे बघताहेत, हा विचार मला नेहमीच गुंगी आणणारा. झोप लागली आणि स्वप्नही पडलं. प्रत्येक उपग्रहातून एक सुताचा धागा खाली आला होता, सगळे धागे बापूंच्या टोपीला बांधलेले, आणि ते डुलत डुलत वावरभर फिरत होते. मला फार बरं वाटत होतं.

माझं स्वप्न चालू होतं तेव्हा शकुंतलाबाई भांडी घेऊन धुऱ्यानं विहिरीकडे निघाल्या. वाटेत त्यांना ते स्टँड दिसलं. सकाळपासून उन्हात उभं. त्यांनी हात लावून पाहिला तर वरची वाटी तापलेली. आमच्याकडची रीत अशी की वावरात कामाला आलेल्या माणसाला आधी सावली आणि पाणी. त्यांनी ते स्टँड उचललं आणि पंधरा-वीस फुटांवरच्या बाभळीच्या विरळ सावलीत नीट नेऊन ठेवलं. बापू तेव्हा पलीकडच्या धुऱ्यावर ट्रॅक्टर उभा करून यंत्रात बी भरत होते. जे हलत नाही म्हणूनच ज्याच्यावर विश्वास, तेच हललं. ट्रॅक्टरला कळायला काही मार्ग नव्हता. त्याच्या हिशेबानं सगळं वावरच सरकलं होतं.

मला जाग आली ती आवाजानं. ट्रॅक्टर जिथे असायला हवा त्यापेक्षा फार जवळ वाजत होता. उठून बघतो तर तो सकाळी पेरलेल्या पट्ट्यावरून येत होता. फाळ नुकतंच पेरलेलं बी उकरून वर फेकत होते. मागे चिमण्या उतरल्या होत्या. आणि बापू दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले होते, चेहऱ्यावर इतकं समाधान की मला क्षणभर स्वप्न अजून चालू आहे असं वाटलं.

मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. धावत जाऊन ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभा राहिलो आणि दुपट्टा हलवू लागलो. ते सरळ माझ्याकडे बघत होते. ऊन माझ्या पाठीशी नव्हतं, मधे काही नव्हतं. ट्रॅक्टर जवळ आला. ते माझ्याकडे बघत तसेच मंद हसत होते. ट्रॅक्टरचं नाक हातभर अंतरावर आलं तेव्हा मी बाजूला उडी मारली, पायरीवर चढलो आणि इंजिन बंद करायची दांडी ओढली.

इतकी शांतता झाली की तित्तिराचं ओरडणं ऐकू आलं.

बापूंनी मान वळवली. "कोण हाये?"

"मी. मिस्तरी."

"समोर कोण होतं? मले कडेनं लाल लाल दिसलं."

"मीच होतो, बापू."

त्यांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग ते बोलले, माझ्याशी नाही, समोरच्या बॉनेटशी बोलल्यासारखे. "मधातलं गेलं, मिस्तरी. साखरेनं खाल्लं. कडेकडेचं दिसते. तुह्याकडं पाह्यलं तं तुहं तोंड नाई दिसत, कान दिसते, मागचं झाड दिसते. यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं, आता वापस येत नाई."

मला एकदम कळलं की हा माणूस हल्ली बोलताना माझ्या खांद्यापलीकडे का बघतो. गावात लोक म्हणायचे, बापूले गर्व चढला, सीधं पाह्यत नाई. मीही तसंच समजत होतो.

"मग मागच्या वर्षी पेरलं कसं?"

"आवाजानं. आन् डोयाच्या कोपऱ्यानं. तासं वाकडे गेले. लोकं तोंडावर बोलले नाई, पण यंदा दोघा-तिघायनं दुसऱ्याले सांगतलं. पेरणी गेली तं माह्यापाशी काय उरते, सांग? आयकलं का तुह्या डब्ब्यात रेघ रायते. म्हटलं, रेघ डब्ब्याची, बाकी तं मले येतेच." मग आवाज उतरवून म्हणाले, "घरी सांगू नको. तिले मालूम नाई."

मागून आवाज आला, "मालूम कसं नाई?" शकुंतलाबाई धावत येऊन पोचल्या होत्या. "दोन वर्षं झाले, तुमच्या ताटात भाजी मधात वाढली का मी? कडेले वाढून राह्यली ते काय असंच?"

 बाईंना मग उकरलेलं बी दिसलं. स्टँडचं मी सांगितलं तेव्हा त्या खाली वाकून ते बी ओंजळीत गोळा करू लागल्या. "उनात उभं होतं बिचारं," एवढंच म्हणाल्या.

मला राग आला होता. त्यांच्यावर नाही, स्वतःवर. डोळे धड असलेल्या कुणाही माणसाच्या ध्यानात आलं असतं की आपण पेरलेल्यावर पेरतो आहोत. स्टँड हललं नसतं तर मी डबा बसवून, हात मिळवून, पेढा खाऊन घरी गेलो असतो. आणि पुढे केव्हातरी बापूंच्या ट्रॅक्टरपुढे तण निंदणारी बाई आली असती. मी त्यांना सांगितलं, "बापू, डबा मी काढून नेतो. तो रेघ राखतो, माणूस राखत नाही. तुम्हाला मी तो देऊ शकत नाही."

"मी पैसे देऊन राह्यलो, फुकट नाई मागत."

"तरी नाही."

ते ट्रॅक्टरवरून उतरले, पायानं चाचपत धुऱ्यावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. आयुष्यात मी खूप इंजिनं बंद केली, पण त्या दिवसासारखं वाईट मला कधी वाटलं नाही.

पण वाफसा कोणासाठी थांबत नाही. अर्धं वावर राहिलं होतं. मी स्टँड मूळ जागी नेलं, खुणेवर बसवलं आणि उरलेली पेरणी उरकून द्यावी म्हणून ट्रॅक्टरवर चढलो. शकुंतलाबाई मडगार्डवर येऊन बसल्या. दोन फेऱ्या त्या माझे हात बघत राहिल्या. मग स्टेअरिंगकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊ, हे आपोआप फिरते तं बसणाऱ्याले काय करा लागते?"

"समोर बघायचं. काही आलं तर थांबवायचं. धुऱ्यावर वळवायचं."

"बस?"

"बस."

"पाह्यनं तं मले येते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या थट्टा करत नव्हत्या. सरळ तास काढायला बापूंना अर्धं आयुष्य लागलं होतं. ते शिकायला या बाईंना आता वेळ नव्हता आणि ते शिकवणारा डोळाही उरला नव्हता. पण नेमकं तेवढंच काम तर डबा करत होता. उरलं ते बघणं. मी ट्रॅक्टर थांबवला आणि सीट सोडली.

पहिलं वळण त्यांनी शेजाऱ्याच्या वावरात घेतलं. दुसऱ्या वेळी ट्रॅक्टर बंद पडला. तिसऱ्या वेळी क्लच असा सोडला की मी मडगार्डवरून उडालोच. धुऱ्यावर बसलेल्या बापूंची पाठ प्रत्येक धक्क्याला आखडत होती. चौथ्या वेळी त्यांना राहवलं नाही. तिथूनच ओरडले, "अवं, हळू सोड! गिअर रडून राह्यला!" मग उठले, आवाजाच्या रोखानं चालत आले आणि म्हणाले, "मिस्तरी, उतर तू. माही जागा दे."

ते मडगार्डवर बसले. पेरणी यंत्र उचलायची आणि टेकवायची दांडी त्यांच्या हाताशी आली. कान मागे लावून बसले. मधेच हात वर केला, "थांब, तिसरी नळी चोंदली." मी जाऊन पाहिलं. तिसऱ्याच नळीत माती अडकली होती. बी पडण्याच्या त्या सळसळीतून एक सूर कमी झालेला मला सकाळभर ऐकूनही कधी कळला नसता. संध्याकाळी वावर झालं. बाईंनी शेवटच्या धुऱ्यावर ट्रॅक्टर उभा केला तेव्हा उन्हं पिवळी झाली होती आणि नवी तासं एकमेकांना न शिवता पार नाल्यापर्यंत गेली होती. "सीधे हायेत का?" बापूंनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखेच हायेत."

डबा मी काढला नाही. शेठना वाटलं, मिस्त्री सुधारला.

पण यात एक गोष्ट उरली होती. स्वतःचं वावर पेरणं निराळं आणि दुसऱ्यानं विश्वासानं आपलं वावर देणं निराळं. बापूंच्या जिवाला लागलं होतं ते दुसरं. बाईंनी हिवाळाभर उलंगलेल्या, म्हणजे कापूस वेचून झालेल्या, पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरात ट्रॅक्टर चालवला. लोक रस्त्यावर थांबून बघायचे. कोणी हसले, कोणी बायकोला दाखवायला घेऊन आले. पण पेरणीचं कोणी विचारलं नाही. यंदा वाफसा आला, दोन दिवस गेले, तरी दारात कोणी नाही. मी निवृत्त झालो होतो, तरी डब्याचं काही अडलं तर म्हणून गेलो होतो. बापू ओसरीवर बसून होते. लांबून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की ते मान कलती करून ऐकायचे आणि तो कोणत्या वावरात आहे ते ओळखायचे. ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उत्तमराव आले. शेजारच्या वावराचे मालक, पहिल्या दिवशी बाईंनी वळण चुकवून ज्यांचं तुरीसाठी राखलेलं रान तुडवलं तेच. ज्याला पेरणी सांगितली होती त्याचा ट्रॅक्टर बिघडला होता. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "वहिनी पेरन का?"

"आमी दोघं पेरतो," बापू म्हणाले.

उत्तमराव तयार झाले, पण धुऱ्यावर जागच्या जागी उभे राहिले. पोरीला परीक्षेला बसवून बाप शाळेच्या फाटकात उभा राहतो तसे. मी त्यांच्याजवळ उभा होतो. जमिनीतून वाफ निघत होती. ट्रॅक्टर लांबून आमच्याकडे येत होता आणि त्या वाफेत तरंगत आल्यासारखा वाटत होता. सीटवर शकुंतलाबाई, डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला, नजर समोर रोवलेली. मडगार्डवर बापू. पण ते समोर बघत नव्हते, बाईंकडेही नाही. मान पार बाजूला वळवून नाल्याकडे तोंड करून बसले होते.

मागची तासं पाहून उत्तमरावांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी खाली वाकून मातीत बोट घातलं, बी किती खोल पडलं ते पाहिलं, आणि हात झटकत उठले. ट्रॅक्टर धुऱ्यावर आला, बापूंनी यंत्र उचललं, बाईंनी वेग कमी केला. आता उत्तमरावांना थट्टा सुचण्याइतकं बरं वाटत होतं.

"काय बापू," ते ओरडले, "वहिनीवर रुसले काय? तोंड तिकडं फिरवून बसले ते!"

बापूंनी मान हलवली नाही. नाल्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "रुसू कायले? तिलेच पाहून राह्यलो."